ऑक्सिजन द्यायचा, पण केव्हा?

माणिक आणि नीलम ज्याचे बनतात ते ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण २०५० अंश सेल्सिअसला वितळतं. इरिडियमच्या मुशीत त्याचा रस करायचा आणि त्यातून पाण्यासारखा नितळ स्फटिक वर ओढून काढायचा, हे काम कारखान्यांच्या अंगवळणी पडून कित्येक दशकं झाली. गॅलियम ऑक्साइड हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. आवर्तसारणीत गॅलियमचं घर ॲल्युमिनियमच्या बरोबर खाली. हे ऑक्साइड वितळतंही आधी, १८०० अंशांच्या आसपास. मुशीचं इरिडियम २४४६ अंशांपर्यंत दाद देत नाही. कागदावर पाहिलं तर नीलम ज्याला जमला त्याच्यासाठी हे डाव्या हाताचं काम.

प्रत्यक्षात त्याच मुशीत, त्याच आर्गॉन या निष्क्रिय वायूच्या वातावरणात गॅलियम ऑक्साइड वितळवायला घेतलं, की रस वाफ होऊन उडू लागतो आणि मूस आतून पोखरली जाते. तापमान अडीचशे अंश कमी असूनही. बर्लिनमधल्या लाइबनिट्स स्फटिकवाढ संस्थेत झ्बिग्निएव गालाझ्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऑक्साइडवर जे काम केलं, ते या एका गाठीभोवती फिरतं. त्यात कुणी नवा पदार्थ शोधला नाही आणि अजब यंत्रही बनवलं नाही. शोधलं ते वेळापत्रक: कुठला वायू, किती, आणि तापमानाच्या कुठल्या टप्प्यावर. पदार्थविज्ञानातली पुष्कळ चांगली कामं अशीच असतात आणि म्हणूनच ती बातमीत येत नाहीत.

आधी हा आटापिटा कशासाठी, ते सांगतो.

गॅलियमचं नाव पडायच्या आधी त्याला एक टोपणनाव होतं. मेंदेलेयेव्हनं १८७१ मध्ये ॲल्युमिनियमखालची रिकामी जागा पाहिली आणि तिथं बसणाऱ्या, तोवर न सापडलेल्या मूलद्रव्याला ‘एका-ॲल्युमिनियम’ म्हटलं. यातलं ‘एका’ म्हणजे संस्कृतातलं, आपलंच ‘एक’. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये ते सापडलं. धातू मोठा मजेशीर आहे. २९.८ अंशांना वितळतो, म्हणजे मे महिन्यात नागपुरात टेबलावर ठेवलात तर दुपारपर्यंत त्याचं थारोळं झालेलं असेल. हाती लागतो तो मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम काढताना, जोडीला.

या धातूचं ऑक्साइड अर्धवाहक आहे, पण फार रुंद बँडगॅपचं. बँडगॅप म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला जेवढी ऊर्जेची उडी मारावी लागते ती. सिलिकॉनचा बँडगॅप १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉन कार्बाइडचा ३.३, गॅलियम नायट्राइडचा ३.४ आणि गॅलियम ऑक्साइडचा सुमारे ४.८. बँडगॅप रुंद असला की पदार्थ जास्त विद्युतक्षेत्र सोसतो, मोडून पडत नाही. सिलिकॉन दर सेंटीमीटरला ०.३ मेगाव्होल्टच्या आसपास हात टेकतो. गॅलियम ऑक्साइडसाठी ८ मेगाव्होल्टचा आकडा सांगितला जातो. हा ८ मोजून आलेला नव्हता, हे इथंच सांगून टाकतो. इतर अर्धवाहकांच्या बँडगॅपवरून काढलेली रेघ पुढं ओढून तो काढला होता. तरी त्यानं काम केलं, कारण उच्च विद्युतदाबाच्या उपकरणांसाठी पदार्थ किती लायक हे मोजण्याचं जे माप सगळे वापरतात, त्यात या क्षेत्राचा घन येतो. ते माप जयंत बालिगा यांचं. चेन्नईच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत गेलेले आणि पुढं आयजीबीटी या स्विचसाठी ओळखले गेलेले तेच बालिगा. क्षेत्र दुप्पट झालं की गुण आठपट. ८ मेगाव्होल्ट धरले तर गॅलियम ऑक्साइड सिलिकॉनच्या तीन हजार पटींहून वर जातं. २०१२ मध्ये जपानमध्ये मासाताका हिगाशिवाकी यांच्या गटानं गॅलियम ऑक्साइडच्या एकस्फटिकावर पहिला ट्रान्झिस्टर करून दाखवला, अडीचशे व्होल्ट पेलणारा, आणि तिथून या पदार्थाच्या मागं रांग लागली.

रांग लागण्याचं दुसरं कारण जास्त व्यावहारिक. सिलिकॉन कार्बाइडचा साध्या दाबाखाली रस होतच नाही. दोन हजार अंशांच्या वर त्याची वाफ करून ती बीजावर थरावी लागते, आणि वाढ तासाला मिलिमीटरच्या अंशांत. गॅलियम नायट्राइडचीही तीच रड. गॅलियम ऑक्साइड मात्र साध्या दाबाखाली वितळतं. त्याची अनेक रूपं आहेत, पण बीटा नावाचं रूप वितळबिंदूपर्यंत स्थिर राहतं, म्हणजे गार होताना रचना बदलून स्फटिक तडकण्याची भीती नाही. रसातून ओढता येतं म्हणजे जलद, मोठं आणि स्वस्त. निदान आश्वासन तसं होतं.

रसातून स्फटिक ओढायची रीतही बर्लिनचीच. यान चोख्राल्स्की हा पोलिश रसायनतज्ज्ञ १९१६ मध्ये बर्लिनच्या एईजी कंपनीत धातूंवर काम करत होता. लिहिता लिहिता त्यानं टाक दौतीऐवजी शेजारच्या वितळलेल्या कथिलात बुडवला आणि वर काढला तर टोकाला बारीक धागा लोंबत होता, गोठलेल्या कथिलाचा, अशी गोष्ट सांगतात. धागा तपासला तेव्हा तो एकच सलग स्फटिक निघाला. आपल्याकडं पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात, तिच्याशी याचं नातं आहे, पण एक फरक मोठा आहे. खडीसाखरेचा दोरा पाकात लोंबत राहतो आणि त्यावर वाटेल त्या दिशेनं खडे धरतात. चोख्राल्स्कीच्या रीतीत बीज म्हणून आधीच एक स्फटिक घेतात, त्याचं टोक रसाला टेकवतात आणि फिरवत फिरवत हळूच वर उचलतात. रस बीजाच्याच अणुरचनेची री ओढत गोठत जातो. गॅलियम ऑक्साइडसाठी हा वेग तासाला दीड ते दोन मिलिमीटर. दहा सेंटीमीटरचा ठोकळा हवा तर निदान दोन दिवस, दोन रात्री भट्टीपाशी.

आता मूळ गाठ.

ॲल्युमिनियमनं ऑक्सिजन एकदा धरला की सोडत नाही. गॅलियमची पकड सैल. १८०० अंशांना गॅलियम ऑक्साइडमधून ऑक्सिजन निसटू लागतो. ऑक्सिजन कमी झालेलं जे सब-ऑक्साइड मागं उरतं ते वायुरूप असतं, ते उडून जातं आणि भट्टीच्या थंड भागांवर बसतं. तेवढ्यावर भागलं असतं तर थोडा माल वाया गेला म्हणून सोडून दिलं असतं. पण विघटन पुढं सरकलं की रसात धातुरूप गॅलियम तयार होतं, आणि ते इरिडियमला भिडलं की दोघांचा मिश्रधातू बनतो. तो इरिडियमच्या मानानं फार कमी तापमानाला वितळतो. मुशीची भिंत आतून अशी खाल्ली जाते. निकामी होते ती मूस, रस नव्हे, आणि यात मूसच महाग.

उपाय उघड दिसतो: भट्टीत ऑक्सिजन सोडा, विघटन दाबलं जाईल. पण ऑक्सिजन आणि तापलेलं इरिडियम यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नीलम वाढवणारे म्हणूनच आर्गॉन किंवा नायट्रोजन वापरतात आणि ऑक्सिजन औषधापुरता ठेवतात. म्हणजे ऑक्सिजन दिला नाही तर गॅलियम मूस खाणार, दिला तर ऑक्सिजन खाणार. बरीच वर्षं या दोन टोकांच्या मधली अरुंद वाट शोधण्यात गेली.

पहिली चांगली युक्ती २००० साली आली. टॉम, राइख, क्लिम आणि फुकुदा यांनी आर्गॉनमध्ये दहा टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला. मला या युक्तीचं फार कौतुक आहे. कार्बन डायऑक्साइड थंडपणी गुपचूप असतो. तापत गेला की त्यातला थोडा भाग कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन असा फुटतो, आणि तापमान जितकं जास्त तितका जास्त फुटतो. म्हणजे भट्टीत ऑक्सिजनचं प्रमाण आपोआप तापमानामागं चालतं. रस विघटनाला टेकत असतो तेव्हा ऑक्सिजन जास्त, मूस नुसतीच तापत असते तेव्हा नाममात्र. बाहेरून कुणी झडप फिरवायची गरज नाही. गालाझ्कांच्या गटानं २०१० मध्ये याच वाटेनं सुमारे २० मिलिमीटर व्यासाचे स्फटिक काढून दाखवले. पुढं त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढवूनही पाहिलं.

पण २० मिलिमीटर म्हणजे जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं. त्यावर प्रबंध होतात, उपकरणांचा धंदा होत नाही. आणि मूस मोठी केली की जुनी रड पुन्हा सुरू. लहान मुशीत जे वातावरण पुरत होतं ते मोठ्या मुशीत अपुरं पडलं. यात भूमितीचा हिशेबही आहे: मूस दुप्पट मोठी केली तर रस आठपट होतो आणि रसाचा वायूला भिडणारा पृष्ठभाग चौपटच. शिवाय मोठा स्फटिक म्हणजे रस जास्त वेळ तापत ठेवणं. धातुरूप गॅलियम साठत जातं. शुद्ध कार्बन डायऑक्साइडसुद्धा साध्या दाबाला या तापमानात फार तर टक्क्याच्या आसपास ऑक्सिजन देऊ शकतो.

इथं गालाझ्का यांच्या गटानं जे केलं ते धाडसाचं होतं, पण आंधळं नव्हतं. त्यांनी इरिडियमकडं पुन्हा नीट पाहिलं. इरिडियम ऑक्सिजनला घाबरतं हे खरं, पण सगळ्या तापमानांना सारखं नाही. साधारण ११०० अंशांच्या खाली त्याच्यावर घन ऑक्साइडचा थर चढतो. त्याच्या वर ते घन ऑक्साइड टिकतच नाही, फुटून पुन्हा धातू होतो. अतिउष्णतेत वायुरूप ऑक्साइड बनून थोडं इरिडियम उडतं, नाही असं नाही, पण तो हप्त्यानं जाणारा तोटा आहे. मूस एका रात्रीत बसत नाही. म्हणजे धोक्याचा पट्टा मधल्या तापमानांचा. तो ओलांडेपर्यंत ऑक्सिजन कमी ठेवायचा आणि वितळबिंदूजवळ पोचलं की सढळ हातानं सोडायचा. उतरताना उलट क्रम. किती सढळ? २०१७ मध्ये दोन इंची स्फटिक जाहीर करताना त्यांनी मांडलेला पट्टा ८ ते १०० टक्के होता, आणि नियम असा की स्फटिकाचं आकारमान जसं वाढेल तसा ऑक्सिजन वाढवत न्यायचा. इरिडियमच्या मुशीवर शुद्ध ऑक्सिजन! जुन्या भट्टीवाल्यांना हे वेडेपणा वाटलं असतं. सगळी मेख ‘किती’पेक्षा ‘केव्हा’मध्ये होती.

मूस वाचली, तेव्हा स्फटिकानंच अडवलं. या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण यात पदार्थ स्वतःच्याच गुणाला अडखळतो. रस गोठताना उष्णता बाहेर टाकतो. ती उष्णता पुष्कळशी अवरक्त प्रकाशाच्या रूपानं वाढत्या स्फटिकातूनच वर निघून जाते, स्फटिक पारदर्शक असतो म्हणून. वीज वाहून नेणारा स्फटिक हवा असेल तर त्यात मोकळे इलेक्ट्रॉन लागतात, आणि मोकळे इलेक्ट्रॉन नेमका तो अवरक्त प्रकाश शोषतात. उष्णतेची चिमणी तुंबते. गोठण्याची सीमा रसाच्या बाजूला फुगीर राहायला हवी, ती सपाट होते, मग आत वळते, आणि स्फटिक सरळ दंडगोल वाढायचं सोडून स्क्रूसारखा पीळ घेत वाढू लागतो. डोपिंग, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन मिळवायला मुद्दाम केलेली भेसळ, जितकं जास्त तितका हा पीळ लवकर पडतो. रंगावरूनही अंदाज येतो: वाहक स्फटिकांवर निळसर झाक असते, रोधक जवळजवळ बिनरंगी किंवा किंचित पिवळट. मॅग्नेशियम घालून मोकळे इलेक्ट्रॉन बांधून टाकले की स्फटिक शहाण्यासारखा लांबलचक, सरळ वाढतो, पण मग तो वीज वाहत नाही. अर्धवाहक म्हणून जितका कामाचा, तितका वाढायला आडमुठा.

जपानी कारखान्यांनी या पिळावर वेगळा तोडगा काढला. इरिडियमच्या साच्यातली फट रसात उभी करायची. रस केशाकर्षणानं फटीतून वर चढतो आणि साच्याच्या माथ्यावरून पट्टीच्या आकाराचा स्फटिक ओढून घ्यायचा. पट्टी पातळ असल्यामुळं उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळते, पीळ पडायला जाडीच नाही. टामुरा आणि तिच्यातून निघालेली नॉव्हेल क्रिस्टल टेक्नॉलॉजी यांनी चार इंची चकत्यांपर्यंत मजल मारली ती याच रीतीनं. बाजाराच्या दृष्टीनं शर्यत त्यांनी जिंकली असं म्हणायला हरकत नाही. पण त्या मुशीचं आणि साच्याचं इरिडियमही त्याच ऑक्सिजनच्या कात्रीत असतं.

चकत्या कापताना आणखी एक स्वभावदोष दिसतो. बीटा गॅलियम ऑक्साइडची जाळी एकनताक्ष, एका बाजूला लांब आणि तिरकी. दोन पातळ्यांवर तिचे पदर अभ्रकासारखे सुटतात. २०१४ मध्ये एका गटानं साध्या चिकटपट्टीनं पातळ पापुद्रे सोलून त्यांचे ट्रान्झिस्टर केले होते, इतकी ही सुटण्याची वृत्ती. पदर सुटणाऱ्या या दोन्ही पातळ्या ज्या अक्षाला समांतर आहेत, त्याच अक्षाच्या दिशेनं बर्लिनमध्ये स्फटिक ओढतात. मग करवतीचं पातं लावताना कुठली बाजू दगा देईल हे आधीच ठाऊक असतं.

अशा सहज सुटणाऱ्या पृष्ठभागावर उपकरणासाठी नवा पातळ थर वाढवायला घेतला, तेव्हा थर दोषांनी भरून गेला. त्या पातळीवर येऊन पडणाऱ्या अणूंना बसायच्या दोन जागा जवळजवळ सारख्याच सोयीच्या: एक खालच्या रचनेशी जुळणारी, दुसरी तिच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी. दोन्ही बेटं वाढतात आणि जिथं भेटतात तिथं शिवण पडते. उपाय सापडला कापण्यात. चकती त्या पातळीशी बरोबर समांतर न कापता ६ अंशांच्या कलानं कापायची. मग पृष्ठभागावर अणूंच्या उंचीच्या दाट पायऱ्या तयार होतात. पडलेला अणू मोकळ्या मैदानात घर मांडण्याआधीच पायरीच्या कडेला पोचतो आणि कड त्याला नेमकी जागा दाखवते. कल कुठल्या बाजूला हेही महत्त्वाचं: अक्षाच्या एका बाजूला झुकवला तर थर स्वच्छ, उलट बाजूला झुकवला तर पुन्हा गोंधळ. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन चकत्या सारख्याच दिसतील.

या सगळ्याचं फळ २०१६ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं मोजलं. बर्लिनमध्ये मॅग्नेशियम घालून वाढवलेली रोधक चकती, तिच्यावर तिथंच वाढवलेला, कथिल डोप केलेला थर, आणि त्यावर केलेला ट्रान्झिस्टर. गेट आणि ड्रेन या ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांत ०.६ मायक्रोमीटर अंतर, आणि एवढ्याशा फटीत २३० व्होल्ट टिकले. आपल्या भिंतीतल्या सॉकेटवर लिहिलेला असतो तोच आकडा. भागाकार केला तर दर सेंटीमीटरला ३.८ मेगाव्होल्ट. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड यांची जी कमाल मर्यादा मानतात तिच्याही पुढं. रेघ ओढून काढलेल्या ८ च्या हा निम्माच, पण हा मोजलेला.

उणिवाही लहान नाहीत. गॅलियम ऑक्साइडची उष्णतावाहकता सगळ्यात चांगल्या दिशेनं २७ वॉट प्रति मीटर-केल्विन, सगळ्यात वाईट दिशेनं ११. सिलिकॉनची दीडशेच्या घरात. इतकी शक्ती हाताळणारं उपकरण आणि उष्णता घालवायला वाट नाही. पी-प्रकारचं डोपिंग तर होतच नाही म्हणा, कारण त्यासाठी लागणारे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, यात तयार झाले तरी जागच्या जागी रुतून बसतात. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेनं हा पदार्थ निर्यातनियंत्रणाखाली आणला आणि पुढच्याच ऑगस्टपासून चीननं खुद्द गॅलियमवर परवाना बसवला. सरकारं उगाच कशावर कुलूप लावत नाहीत.

राहता राहिलं ते ‘स्वस्त’चं आश्वासन. २०२१ मध्ये इरिडियम औंसाला ६,००० डॉलरच्या वर गेलं होतं. समजा दहा सेंटीमीटर व्यासाची, तेवढ्याच उंचीची, दोन मिलिमीटर जाडीची मूस घेतली. धातू साधारण ७८ घन सेंटीमीटर लागेल. इरिडियमची घनता २२.५६, म्हणजे वजन पावणेदोन किलोच्या वर, ५७ औंस. तेव्हाच्या भावानं नुसत्या धातूचे सव्वातीन लाख डॉलरहून अधिक, रुपयांत अडीच कोटी. मूस खराब झाली तर धातू परत वितळवून घडवता येतो, पण वायुरूप ऑक्साइड होऊन जे उडालं ते गेलं. रसातून ओढायचं म्हणजे स्वस्त, हे म्हणताना मुशीचा भाव कुणी धरलाच नव्हता.

म्हणून अलीकडचे प्रयत्न इरिडियमलाच वगळायचे आहेत. जपानच्या शिन्शू विद्यापीठात होशिकावा यांच्या गटानं २०१६ मध्ये प्लॅटिनम-ऱ्होडियमची मूस घेतली आणि साध्या हवेत, एकवीस टक्के ऑक्सिजनमध्ये, स्फटिक मुशीतल्या मुशीत खालून वर गोठवत नेला. हा मिश्रधातू ऑक्सिजनला भीत नाही, त्यामुळं वेळापत्रकाची भानगडच उरत नाही. मात्र तो आणि गॅलियम ऑक्साइड यांच्या वितळबिंदूंत अंतर थोडं, भट्टी जरा वर सरकली की मूसच पाघळायची, आणि ऱ्होडियम थोडं थोडं स्फटिकात उतरतं ते वेगळंच. तोहोकू विद्यापीठातल्या योशिकावांच्या गटानं २०२२ मध्ये मूसच काढून टाकली. पाणी खेळवलेल्या तांब्याच्या नळ्यांची टोपली, तिच्यात गॅलियम ऑक्साइडची पूड, आणि उच्च कंप्रतेच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रानं थेट रसच तापवायचा. मध्ये १८०० अंशांचा रस, कडेला थंड तांबं. तांब्याला लागून गॅलियम ऑक्साइडचा थर घट्ट होतो, पाकाच्या कढईच्या कडेला साखर धरते तसा, आणि रस त्या थराच्या आत राहतो. वरून बीज टेकवून ओढायचं. भोवती ऑक्सिजन हवा तेवढा सोडता येतो, कारण खाण्यासारखं तिथं काही उरलेलं नाही.